वंशावळीत आजी कुठे आहे?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘वंशावळ’. महसूल खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला दुसरा कुठला विषय देणार! पण विषय चांगला आहे. आपल्या नवापूर तालुक्यात हा शब्द माहीत नसलेलं घर सापडणार नाही. पोरगं अकरावी-बारावीला गेलं की जातपडताळणीचा फॉर्म घरात येतो, आणि त्याच्याबरोबर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र येतं. खापरपणजोबा वर, त्याच्याखाली रेघा, रेघांना चौकोन. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी ते झाड एकदा काढलेलं आहे. काहींनी तीन मुलांसाठी तीनदा काढलं आहे, आणि तिन्ही वेळा पणजोबांच्या भावांची संख्या वेगळी आली आहे!

त्या झाडाविषयी मला आज एकच सांगायचं आहे. ते अर्धं आहे. त्यात बाप आहेत, आया नाहीत. उरलेलं अर्धं शोधायला आता दोन वाटा आहेत, एक जुनी कागदाची आणि दुसरी नवी, डीएनएची. दोन्ही वाटांनी मी थोडा चाललो आहे, म्हणून बोलायला उभा राहिलो.

आधी कागदाचं. पडताळणी समितीला जुना कागद का लागतो, हे पुष्कळांना अजून नीट ठाऊक नसतं. अनुसूचित जमातीसाठी मानीव दिनांक आहे ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा पुरावा म्हणजे वजनदार पुरावा. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली, २००१ मध्ये राज्याचा कायदा आला, आणि २०११ च्या आनंद प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं की स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदाला जास्त मोल द्यावं. कारण उघड आहे. त्या काळी खोटं लिहून मिळवण्यासारखं काही नव्हतं. १९३० साली गुरुजींनी ‘मावची’ किंवा ‘भिल्ल’ असं लिहिलं, तर त्यात गुरुजींचा स्वार्थ नव्हता आणि पोराच्या बापाचाही नव्हता.

तर हे कागद असतात कुठे? पहिला मान आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरला. इथे बसलेल्या गुरुजनांना सांगतो, तुम्ही ज्या वहीत टाकाने आणि पुढे शाईच्या पेनाने नावं घातलीत, ती वही आज आमच्या नातवंडांच्या प्रवेशाचा आधार आहे. तिच्यातले विनोदही आम्हाला प्रिय आहेत. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा! आईबापांना तारीख सांगता येत नव्हती, पोर डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूच्या कानाला लावतंय का बघायचं, लागला तर सहा वर्षं पूर्ण, लिहा १ जून. नावांचंही तसंच. घरी सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या, ज्या वारी जन्मला त्या वाराचं नाव. शाळेत आल्यावर त्याचं कधी सोमनाथ, कधी मंगलसिंग झालं. शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवायचं. सोमनाथ सापडत नसेल तर सोम्या शोधा.

दुसरा कागद गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावात जन्म-मृत्यू झाला की त्याची नोंद त्यात व्हायची आणि ती तहसिलीत जायची. जुनी पानं बऱ्याच ठिकाणी मोडीत आहेत. त्यात पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढंच. आईचं नाव तर क्वचित. तिसरा कागद फेरफार, गाव नमुना ६. खातेदार मेला की वारस चढतात, आणि तिथे मात्र कधीकधी बाईमाणसाचं नाव दिसतं, विधवा म्हणून किंवा लग्न झालेली मुलगी म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे ते कामी येणार आहे.

आणि जिल्ह्यांचा घोळ. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात. त्याआधी पश्चिम खानदेशात, जो १९०६ मध्ये खानदेशचे दोन तुकडे झाल्यावर बनला. म्हणून नंदुरबारला कागद नाही म्हटलं की हात टेकायचे नाहीत, धुळ्याची वाट धरायची. ज्यांची घरं व्यापाराने इकडे आली, शिंपी, वाणी, मारवाडी मंडळी, त्यांनी तर मूळ गावाकडच्या भाटाची किंवा बारोटाची वही आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघाव्यात. ख्रिस्ती मंडळींकडे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी असतात, त्यात आईचं नाव लिहिण्याची रीत आहे. बाकी आपल्या सगळ्यांच्या वह्यांनी ते का केलं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता डीएनए. इथे जीवशास्त्र शिकवणारे सर बसलेत, म्हणून घाबरत घाबरत सांगतो. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे अर्धा हिस्सा आईचा, यात कुठलाही तलाठी फेरफार करू शकत नाही! आजी-आजोबांपैकी प्रत्येकाचा साधारण चौथा हिस्सा, पणज्या-पणजोबांपैकी प्रत्येकाचा आठवा. पण हे वाटप पत्त्यांसारखं पिसून होतं, म्हणून मागे जाल तसे काही पूर्वज हातातून सुटत जातात.

चाचणी करणाऱ्या कंपन्या नळीत थुंकी घेतात, लाखो ठिकाणची अक्षरं वाचतात आणि त्यांच्याकडच्या इतर ग्राहकांशी ताडून बघतात. दोघांचे लांबच लांब तुकडे सारखे निघाले तर ते तुकडे एकाच पूर्वजाकडून आले असणार. या तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. आई आणि मूल यांच्यात साधारण ३४०० जुळतात, सख्ख्या चुलत किंवा मामेभावंडांत सरासरी साडेआठशेच्या आसपास, त्याच्या पुढच्या पिढीत सव्वादोनशे-अडीचशे, त्याच्याही पुढे सत्तरेक. तिसऱ्या पायरीच्या दहा जोड्यांपैकी एखादीत काहीच जुळत नाही, नातं खरं असूनही.

इथे एक गंमत आहे. ती कंपनी सगळ्यांना ‘कझिन’ म्हणते. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार रस्ते वेगळे आहेत, आणि कुठल्या रस्त्याने नातं आलं यावर सोयरीक होणार की नाही हे ठरतं. डीएनएला मात्र यातलं काही सांगता येत नाही. तुमचं कोणाशी तरी नातं आहे एवढं ते सांगतं, कोणाच्या पोटचं, कोणाच्या गावचं, ते नाही. फक्त दोन जागा वेगळ्या: वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना, मग मुली तो पुढे नेतात.

आता माझ्या घरचं सांगतो. त्यातली नावं आणि गावं मुद्दाम सांगणार नाही, कारण पलीकडच्या सगळ्या माणसांना मी विचारलेलं नाही.

माझी आजी, वडिलांची आई, ‘तिकडची’ होती. तिकडची म्हणजे सीमेपलीकडची. आपलं रेल्वे स्टेशन तुम्ही रोज बघता, निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत, आणि फलाटावरच्या त्या बाकड्यावरही दोन राज्यं आहेत. बाहेरचे लोक तिथे फोटो काढतात. आपल्याला त्यात नवल नाही. राज्यं वेगळी झाली १ मे १९६० ला, सोयरिकी त्याच्या कितीतरी आधीच्या. इकडे गावित, तिकडे गामीत. इकडे वसावे, तिकडे वसावा. उच्छल, सोनगड, व्यारा, डांग, सगळीकडे आपल्या आत्या दिल्या आहेत आणि तिकडून आया आणल्या आहेत.

आजीचं माहेर तापीकाठी होतं. १९७२ मध्ये उकाईचं धरण पूर्ण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. तशी पुष्कळ गावं गेली, काही आपल्या बाजूचीही. माहेरची माणसं कुठे कुठे पांगली. आजी त्याच्या आधीच वारली होती. वडिलांना मामांची नावं माहीत होती, पण मामा कुठल्या वसाहतीत गेले ते कळलं नाही. एकदोनदा ते शोधायला गेले आणि परत आले. नंतर तो विषय घरात निघेना. माझ्या पडताळणीच्या वेळी काढलेल्या झाडात आजोबांच्या वर पाच पिढ्या आहेत, सगळे पुरुष. आजीच्या जागी रेघसुद्धा नाही.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत असलेल्या भाच्याने हौसेने चाचणी केली. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने माझीही करून घेतली. हे बरं झालं. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची चाचणी आधी करावी, कारण तो पूर्वजांच्या एक-दोन पायऱ्या जवळ असतो. टक्केवारीचा जो रंगीत नकाशा येतो त्याकडे मी फार लक्ष दिलं नाही. तो त्यांच्याकडच्या नमुन्यांशी केलेला अंदाज असतो, आणि त्या नमुन्यांत आपल्या डोंगरातली माणसं कितीशी असणार! पण जुळणाऱ्यांच्या यादीत एक नाव होतं: आडनाव गामीत, राहणार इंग्लंड. माझ्याशी ९६ सेंटिमॉर्गन, भाच्याशी ४१.

भाचा नाचायलाच लागला. मी म्हटलं, थांब. आपल्याकडे अशा आकड्यावर चटकन भरवसा ठेवू नये, आणि याचं कारण नीट समजून घ्या. हैदराबादच्या सीसीएमबीतले के. थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांनी २००९ पासून या विषयावर मोठं काम केलं. भारतातले समाज पूर्वी एकमेकांत मिसळत होते, आणि साधारण १९०० वर्षांपूर्वीपासून हे मिसळणं थांबत गेलं, प्रत्येक जण आपापल्यात लग्न करू लागला, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसतं. २०१७ मध्ये थंगराज, राइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजांचे नमुने तपासले. त्यातले ८१ समाज अगदी थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढलेले निघाले, आणि त्यातल्या १४ समाजांची लोकसंख्या आज दहा लाखांवर आहे. याचा अर्थ असा, की एकाच जातीच्या किंवा जमातीच्या दोन माणसांत बारीक बारीक तुकडे पुष्कळ जुळतात, आणि ते सगळे मिळून आकडा फुगतो. आपण कुळी टाळतो, आडनाव टाळतो, पण जमातीबाहेर जात नाही. तेव्हा एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती, ते बघायचं. आमचा सर्वांत लांब तुकडा ३४ सेंटिमॉर्गनचा होता. बारीक चुऱ्यातून एवढा तुकडा सहसा येत नाही. म्हणजे नातं चार-पाच पिढ्यांच्या आतलं.

पण आईकडून की बापाकडून? माझी आतेबहीण तिच्या मुलाकडे कॅनडात असते. तिला विनवून तिची चाचणी केली. इंग्लंडच्या मुलीशी तिचंही जुळलं, आणि त्याच गुणसूत्राच्या त्याच भागावर. म्हणजे बापाकडून. आता प्रश्न आजोबा की आजी. आजोबांचा गोतावळा मला पडताळणीमुळे पाठ होता, त्यात पलीकडे गेलेलं कोणी नव्हतं. उरली आजी.

त्या मुलीला निरोप पाठवला. ती तिथे नर्स आहे. पंधरा दिवस उत्तर नाही, आणि मग एका रविवारी तिच्या वडिलांचाच सोनगडहून फोन. भाषा बघा कशी: मी मराठीत सुरू केलं, ते गुजरातीत, आणि दोन मिनिटांत दोघंही घरच्या बोलीवर आलो. ‘आमचं जुनं गाव डुबाणात गेलं,’ ते म्हणाले. गावाचं नाव विचारलं. आजीच्या माहेराचं.

एवढ्यावर गोष्ट संपली असं वाटेल. पण महसूल खात्यातल्या माणसाला कागदाशिवाय झोप येत नाही. एका गावात अनेक घरं, सगळी एका जमातीची. गाव एक निघालं म्हणून घर एक होत नाही. मी सोनगडला गेलो. तो सगळा मुलूख १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात होता, नवसारी प्रांतात. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. सोनगडला तर आदिवासी मुलांसाठी वसतिगृह त्याच्याही आधीचं. म्हणून आपल्यापैकी ज्यांचा मामेगोत तिकडे आहे त्यांना सांगतो, तिकडच्या शाळांची रजिस्टरं आपल्याकडच्यांपेक्षा जुनी सापडण्याची शक्यता आहे. गुजराती अक्षर आठ दिवसांत येतं, तेवढं शिका.

शाळेच्या वहीत त्या मुलीच्या पणजोबांचं नाव सापडलं, बापाच्या नावासह. ते बापाचं नाव आमच्या वडिलांनी सांगितलेल्या नावाशी जुळत होतं. पण त्या गावात त्या नावाचे दोघं असू शकतात, वाराचीच नावं ती. शेवटी उत्तर मिळालं हक्कपत्रकात, म्हणजे तिकडच्या फेरफारात. खातेदार मेला, वारस चढले: तीन मुलगे, त्यातला एक त्या मुलीचा पणजोबा. आणि त्याच्याखाली एक ओळ. मुलगी, तिचं नाव, लग्न झालेली, राहणार अमुक, तालुका नवापूर, हिला जमिनीत हिस्सा नको.

ते ‘अमुक’ म्हणजे आमचं गाव.

मी ती ओळ दोनतीनदा वाचली. आजीचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आम्ही पोरं तिला आजी म्हणायचो, वडील आई म्हणायचे, आजोबा नुसती हाक मारायचे. गावच्या मृत्यूच्या नोंदीत ती ‘अमक्याची बायको’ आहे. तिचं नाव वाराचं निघालं, बुधवारचं. आणि ते लिहिलं गेलं होतं ती जमिनीवरचा हक्क सोडत होती म्हणून. नसता सोडला तर कदाचित लिहिलंही गेलं नसतं, असंही नाही. पण मला तेव्हा तसं वाटून गेलं.

माझी आजी म्हणजे त्या मुलीच्या पणजोबांची सख्खी बहीण. आकडे पुन्हा काढून बघितले, ९६ आणि ४१ दोन्ही बसतात. डीएनए नसता तर त्या घरापर्यंत मी पोचलो नसतो, आणि ती ओळ नसती तर ते घर आमचंच आहे हे ठामपणे सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांच्या घरात एक नव्वदीची म्हातारी आहे, त्या तीन भावांपैकी एकाची सून. तिने आमच्या वडिलांना लहानपणी बघितलं होतं, मामाकडे आले तेव्हा. आजी नदी ओलांडून सणाला कशी यायची ते तिने सांगितलं. हे कुठल्या वहीत नव्हतं.

याच भेटीत दुसरी एक गोष्ट कळली. त्यांच्या घरात दोन मुलांना सिकलसेल आहे. आपल्या तालुक्यात या शब्दाचं भाषांतर करायची गरज नाही. खरं म्हणजे आनुवंशिकतेची चाचणी आपल्याला नवी नाहीच, शाळा-शाळांतून आपल्या पोरांची बोटं त्यासाठी टोचली आहेत. एका अक्षराचा बदल, आईकडून किंवा बापाकडून आलेला. एकाकडून आला तर वाहक, त्याला बहुधा त्रास नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. भारतात हा बदल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, नीलगिरीच्या आदिवासींत. पुढे समजलं की आपल्याकडच्या, ओडिशातल्या आणि थेट सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या लोकांतला हा बदल एकाच घराण्यातला आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राने याचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. आमच्या घरात वाहक आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण ते आजीकडून आलं की आजोबांकडून हे सांगता येणार नाही, आपल्या भागात ते इतकं पसरलेलं आहे. तरी परत आल्यावर घरातल्या लग्नाच्या पोरापोरींची तपासणी करून घेतली. पत्रिका बघा किंवा न बघा, हे मात्र बघा.

डीएनए समाजाविषयी काय सांगतं, त्याचं महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगतो, म्हणजे कागद आणि रक्त यांचा मेळ कसा बघायचा ते कळेल. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. आडनावं मराठी, गावावरून पडलेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, तो छापला गेला १९३७ मध्ये. त्या जहाजाचा कागद कुठेच नाही. इस्राएलमध्ये गेल्यावर यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली गेली, १९६४ पर्यंत तो वाद चालला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा आहे, आणि हे मिसळणं १९ ते ३३ पिढ्यांमागचं. ज्यू वाटा बापांच्या बाजूने जास्त, भारतीय वाटा आयांच्या बाजूने. म्हणजे परंपरेतला गाभा खरा ठरला, पण सातही बायका जहाजातूनच आल्या या भागाला आधार मिळाला नाही. इथल्या आया तिथेही गोष्टीतून गळाल्या होत्या. रक्तात राहिल्या.

आता थोडं सावधपणाचं. ज्यांची मुलं परदेशात आहेत ती उत्साहाने नळ्या पाठवतील. पाठवू देत, पण घरात आधी बोला. या चाचणीतून कधी असंही निघतं की ज्याला आपण बाप समजत होतो तो बाप नाही, किंवा कोणी तरी दत्तक होतं आणि सांगितलं नव्हतं. एकाने चाचणी केली की सगळ्या भावकीचं उघडं पडतं. दुसरं, माहितीची सुरक्षा. ट्वेंटीथ्री अँड मी या सर्वांत प्रसिद्ध कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, गुणसूत्र नाही. आणि तिसरं, कृपा करून कोणी हा अहवाल घेऊन पडताळणी समितीपुढे जाऊ नका. जात-जमात ही समाजाने मानलेली, कागदावर आलेली गोष्ट आहे. थुंकीच्या नळीत ती सापडत नाही. तिथे कोतवाल बुकच लागतं.

संयोजक घड्याळ दाखवतायत. एक काम सांगून बसतो. या स्मरणिकेच्या मागच्या पानांवर माजी विद्यार्थ्यांची नावं-पत्ते छापणार आहेत. मी संपादकांना विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली, की त्या फॉर्मवर दोन रकाने वाढवावेत, आईचं माहेरचं नाव आणि गाव, आणि जमलं तर आजीचं. ते रकाने छापायचे नाहीत, शाळेच्या कपाटात वेगळ्या वहीत ठेवायचे. पुष्कळांना आजीचं नाव येणार नाही, हे मला माहीत आहे. घरी फोन करा. आत्याला, मोठ्या मामींना विचारा. सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर मोबाइलवर बोलणं टिपून घ्या, गावाचं नाव, सणाला कोण येत होतं, मयताला कोणाला निरोप जात होता. मयताच्या निरोपाची यादी ही सर्वांत पक्की वंशावळ असते, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

जेवणानंतर मी ग्रंथालयात बसणार आहे. कोणाकडे मोडीतला किंवा गुजरातीतला जुना कागद असेल तर घेऊन या, वाचून देतो. भिंग मी आणलं आहे. मूळ कागद लॅमिनेट करून आणू नका, आणि केला असेल तर निदान दुसरा तरी करू नका.